दोनशे तीस व्होल्टची गल्ली

बंडोपंत मुलमुले यांनी हिंगणघाटच्या एका हायस्कुलात आयुष्यभर विज्ञान शिकवले. त्यातही त्यांचा लौकिक विद्युतधारेच्या धड्याचा. हा धडा सुरू झाला की शेजारच्या वर्गातले मास्तर आपला वर्ग सोडून दाराशी येऊन उभे राहत, असे बंडोपंत सांगतात. ते शेजारचे मास्तर आता हयात नाहीत, त्यामुळे हे मान्य करायला कोणाची हरकत नसते.

धडा असा होता. गच्चीवर पाण्याची टाकी आहे. ती जितकी उंच, तितका खालच्या नळाला जोर. हा जोर म्हणजे व्होल्ट. नळातून दर क्षणाला जेवढे पाणी येते ते अँपिअर. पाइप बारीक असला, आत गंज चढला असला, म्हणजे पाणी अडते. ते अडणे म्हणजे ओहम. आणि नळाखाली धरलेले चक्र त्या पाण्याने किती जोमात फिरते, ते वॅट. व्होल्ट गुणिले अँपिअर बरोबर वॅट. हजार वॅटचे काहीही तासभर चालवा, मीटरमध्ये एक युनिट पडते. एवढे झाले की बंडोपंत खडू खाली ठेवत आणि वर्गाकडे अशा नजरेने बघत, की गच्चीवरची ती टाकी त्यांनी स्वतःच बांधून दिली आहे.

हा धडा शिकवणाऱ्या माणसाने जन्मात कधी टेस्टर हातात धरला नव्हता. घरातला बल्ब गेला तर स्टुलावर त्यांच्या पत्नी मीराबाई चढत. बंडोपंत खाली स्टूल धरून उभे राहत आणि विजेच्या धक्क्याचे मानवी शरीरावर होणारे परिणाम तोंडी सांगत. अशा परिस्थितीत मीराबाईंनी अनेक बल्ब बदलले.

त्यांचे घर जिनिंगच्या मागून नदीकडे उतरणाऱ्या गल्लीच्या अगदी शेवटी. डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, गल्लीच्या तोंडाशी. गल्लीत अर्धेअधिक लोक सरांचेच विद्यार्थी, तरी विजेबद्दल बोलताना कोणी व्होल्ट, अँपिअर असे म्हणत नसे. लाइन असे, नाहीतर लाइन गेलेली असे, आणि या दोहोंच्या मधल्या अवस्थेला ‘डिम’ म्हणत. उन्हाळ्यात ही मधली अवस्थाच फार. पंखा फिरताना मोजता यायचा आणि कूलर वारा फेकायचा सोडून नुसता पाणी गाळत बसायचा. लोक दारात येऊन एकमेकांना ओरडून विचारत, ‘तुमच्याकडं बी डिम हाये का?’ समोरूनही डिमच असल्याचे कळले की समाधानाने आत जात.

सर मात्र शास्त्रशुद्ध माणूस. निवृत्तीच्या वेळी विद्यार्थ्यांनी त्यांना शाल, श्रीफळ आणि सॉकेटात खोचायचा एक लहानसा व्होल्टमीटर दिला होता, लाल आकडे दाखवणारा. पहाटे फिरायला निघण्याआधी ते दिवाणखान्यातल्या सॉकेटात तो खोचत. दोनशे सदतीस. कधी दोनशे एकोणचाळीस. नेमून दिलेल्या दोनशे तीसपेक्षाही थोडे वरच. मग ते देवाला नमस्कार केल्यासारखी मान हलवत आणि नदीकडे चालू लागत. गल्लीतल्या डिमच्या तक्रारी त्यांच्या मते लोकांच्या मनाच्या होत्या. ‘मी रोज बघतो,’ असे ते सांगत, आणि ते खोटे नव्हते.

यंदाच्या उन्हाळ्यात या घरात एक ओव्हन आला.

तो आणला सूनबाईंनी. यामिनी माहेरची नागपूरची. लग्नानंतर इथल्या एका खाजगी शाळेत गणित शिकवत होती. मुलगा सुश्रुत चंद्रपूरला बँकेत. शनिवार-रविवार घरी येणारा. शाळेत यामिनीचा जीव रमत नव्हता. मागच्या वर्षी तिने नोकरी सोडली, नागपूरला जाऊन बेकरीचे शिक्षण घेतले आणि स्वतःच्या शिलकीतून दोन हजार वॅटचा ओव्हन आणून स्वयंपाकघरात मांडला. घरात अंडे चालत नव्हते, म्हणून तिने रव्याचा दह्यातला केक बसवला. चव सगळ्यांना आवडली. अडचण एकच होती, की तो केक बसत असे.

ओव्हनमधून निघताना टम्म असायचा. ताटात येईपर्यंत मधोमध खाली जायचा, कोणीतरी वर बसून उठल्यासारखा. कडा उभ्या, मध्ये खड्डा, आणि खड्ड्याच्या तळाशी ओलसर गोळा. यावर घरात मतभेद होते. मीराबाईंचा संशय सोड्यावर होता. सुश्रुतने फोनवरून कृती पुन्हा वाचायला सांगितली, म्हणजे नवरे दुरून जेवढी मदत करू शकतात तेवढी केली. शेजारच्या सुलोचनाबाई वैरागडे यांनी नजर लागल्याचे निदान करून मिरच्याही सुचवल्या. बंडोपंतांना आतून खात्री होती की हे अंड्याअभावी होते आहे, पण मुलमुल्यांच्या घरात हा शब्द उच्चारणे कठीण. ते एवढेच म्हणाले की काही बंधक द्रव्य कमी पडत असावे.

यामिनीने एकदा त्यांना विचारलेही होते, की बाबा, लाइट तर बरोबर येतो ना आपल्याकडे? बंडोपंतांनी पेपरातून मान वर न काढता सांगितले होते, ‘दोनशे सदतीस. सकाळीच बघितलाय.’ विषय संपला. ज्या घरात तीस-पस्तीस वर्षे विद्युतधारा शिकवली गेली, तिथे विजेवर आणखी शंका कोण घेणार.

एक केक मात्र धड उभा राहिला होता. सुश्रुतच्या वाढदिवसाला तो पहाटेच्या गाडीने निघणार म्हणून यामिनीने अंधारातच उठून ओव्हन लावला, आणि केक जो फुगला तो फुगलेलाच राहिला. मीराबाईंनी याचे श्रेय ब्राह्ममुहूर्ताला दिले. पण ब्राह्ममुहूर्त लहान. थोड्या वेळाने नळ येत, घरोघर पाणी ओढायच्या मोटरी सुरू होत, मग स्वयंपाक, मग दुपार. धंद्याचे केक काही त्या तासाभरात निघण्यासारखे नव्हते.

आणि धंदा दारात येऊन उभा होता. जामच्या चौफुलीवर बापूराव नावाच्या गृहस्थांचे हॉटेल आहे. नागपूर-हैदराबादच्या गाड्या तिथे चहाला थांबतात. अंडे न खाणाऱ्या प्रवाशांनाही चालेल असे काहीतरी गोड चहासोबत ठेवायचे त्यांच्या मनात होते, आणि बिनअंड्याचा केक त्यात नेमका बसत होता. त्यांनी नमुना मागवला. यामिनीने पाठवला. बापूरावांनी सभ्यपणे फोन केला. ‘चव चांगली हाये ताई. पन हा मधात बसला काऊन? गिऱ्हाइकाले वाटन, आधीच कोनी खाऊन ठेवला.’ पुढच्या गुरुवारी त्यांची गाडी भाजीसाठी हिंगणघाटला येणार होती. तेव्हा ताजा, त्याच दुपारी केलेला एक नमुना ते आणखी बघणार होते. नाहीतर नागपूरहून मागवणार. त्याच आठवड्यात शाळेचाही निरोप आला, जूनपासून परत येत असाल तर शुक्रवारपर्यंत कळवा. यामिनीने घरात कोणाला न दुखवता सांगून टाकले, की गुरुवारचा केक बसला तर ओव्हनवर कापड टाकायचे आणि शुक्रवारी शाळेला हो म्हणायचे. बोलताना ती ओव्हनची काच पुसत होती.

दुसऱ्या दुपारी बंडोपंत जेवून आडवे झाले होते. यामिनी दिवाणखान्यात आली, व्होल्टमीटर सॉकेटातून उपसला आणि स्वयंपाकघरात घेऊन गेली. जरा वेळाने तिची हाक आली.

‘बाबा, इकडे या जरा.’

बंडोपंत गेले. ओव्हन चालू होता आणि शेजारच्या सॉकेटात लाल अक्षरांत एकशे अडुसष्ट लिहिले होते.

‘बिघडला हा,’ बंडोपंत म्हणाले.

यामिनीने ओव्हन बंद केला. आकडा चढत चढत एकशे एक्याऐंशीवर जाऊन थांबला. तिने ओव्हन लावला. पुन्हा एकशे अडुसष्ट.

‘बिघडलेला मीटर इतका समजूतदार नसतो, बाबा.’

बंडोपंत खुर्ची ओढून आकड्यासमोर बसले. बाहेर मे महिन्याची दुपार रटरटत होती आणि गल्लीतल्या एकूण एक घरातला कूलर चालू होता. पहाटे ते मीटर बघत तेव्हा गार पडलेले असे, लोकांनी कूलर बंद केलेले असत, नळ यायचे असत. सगळी गल्ली झोपलेली असताना ते टाकीची उंची मोजून येत होते. नळ सुटल्यावर काय होते, हे त्यांनी कधी पाहिलेच नव्हते.

आणि मग त्यांना ते गणित आठवले. ‘२३० व्होल्टवर २००० वॅट देणारी शेगडी १६८ व्होल्टच्या जोडणीवर लावली, तर ती किती वॅट देईल?’ अशा धर्तीचे गणित त्यांनी दहावीच्या पेपरात कितीतरी वर्षे घातले होते. मुले ते चुकवत आणि बंडोपंत हळहळत. ही शेगडी खरोखर कोणाच्या तरी घरी असू शकते, आणि त्या माणसाला तिच्यावर काही शिजवायचे असू शकते, हे मात्र इतक्या वर्षांत त्यांच्या मनात आले नव्हते.

पेपराच्या कोऱ्या कडेवर त्यांनी ते सोडवले. ओव्हनवर छापलेले दोन हजार वॅट हे ओव्हनच्या पोटात भरून आलेले नसतात. दोनशे तीस व्होल्ट दिलेत तर दोन हजार देईन, असा तो एक करार आहे. ओव्हनचा ओहम आहे तेवढाच. व्होल्ट उतरले की त्यातून जाणारे अँपिअरही उतरतात, आणि वॅट या दोघांचा गुणाकार, म्हणून त्याला दोन्हीकडून मार बसतो. उत्तर आले एक हजार सदुसष्ट. व्होल्टची घट चौथाईच्या आसपास, आणि उष्णता गेली जवळजवळ अर्धी.

‘म्हणजे मी अर्ध्या ओव्हनमध्ये केक करते आहे,’ यामिनी म्हणाली. गणिताचीच बाई ती.

‘निम्म्यापेक्षा थोडा जास्त आहे,’ बंडोपंत म्हणाले. अशा वेळीही त्यांना अचूकता सोडवत नसे.

मीराबाईंनी विचारले, की मग रोज दोनशे सदतीस दोनशे सदतीस करत होतात ते काय होते? बंडोपंतांनी याचे उत्तर दिले नाही. त्यांच्या संसारात हे पहिल्यांदाच घडत होते, म्हणून मीराबाईंनीही ताणले नाही.

स्टॅबिलायझर आणावा, हा पहिला विचार. बंडोपंतांनी तो स्वतःच खोडला. स्टॅबिलायझर व्होल्ट वाढवून देतो खरा, पण त्यासाठी तारेतून जास्त अँपिअर ओढतो. त्याने बाकीच्यांकडे आणखी डिम होणार, मग सुलोचनाबाई स्टॅबिलायझर आणणार, मग समोरचे आणणार. शेवटी सगळ्यांकडे स्टॅबिलायझर असणार आणि वीज कोणाकडेच नसणार.

रोग तारेत होता. तारेलाही स्वतःचा थोडा ओहम असतो. तिच्यातून जितके अँपिअर जास्त, तितके व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात, आणि शेवटच्या घराला पंगतीतल्या शेवटच्या पानासारखे उरलेसुरले मिळते. पण गल्लीच्या खांबांवरून फेजच्या तीन तारा जातात: वरची, मधली आणि खालची. तिन्हींवर घरे सारखी वाटलेली असतील तर एवढा ताण पडायचे कारण नव्हते. बंडोपंत बाहेर येऊन, डोळ्यांवर हात धरून, प्रत्येक घराकडे येणारी तार कुठून निघते ते बघत गल्लीभर हिंडले. पोस्टमननंतर त्या उन्हात गल्लीत फिरणारे ते एकटेच. भाडेकरू असलेले एक घर मधल्या तारेवर होते. वरची तार मोकळी, तिच्यावर कावळे. बाकी सगळी गल्ली खालच्या तारेवर लोंबकळत होती.

ही खालची तार गल्लीत ‘सरांची तार’ म्हणून ओळखली जाई, हे त्यांना माहीत होते. आजवर त्यांना याचा अभिमान होता.

चार-पाच उन्हाळ्यांमागे, व्होल्टमीटर घरात यायच्या आधी, वरच्या तारेवर डिम फार होऊ लागले, तेव्हा बंडोपंतांनी लाइनमन रोशन थूल याला सांगून आपले घर खालच्या, मोकळ्या तारेवर घेतले होते. रोशन त्यांचाच विद्यार्थी. त्या संध्याकाळी सरांच्या घरचा बल्ब चकाकलेला गल्लीने पाहिला. मग समोरच्या रूपराव कुबड्यांनी रोशनला हाक मारली, मग सुलोचनाबाईंनी, मग एकेकाने. सर ज्या तारेवर ती तार चांगली, हे कोणाला पटवावे लागले नाही.

बंडोपंतांनी रोशनला बोलावून घेतले आणि जरा कडक आवाजात विचारले, की एवढी घरे एका तारेवर घेताना तुला काही वाटले नाही?

‘वाटलं ना सर,’ रोशन म्हणाला. ‘पन एका घरचं काम करून खांबावरून उतरलो का दुसऱ्या घरचे चहा घेऊन उभेच राहेत. मले चहाले नाई म्हनता येत नाई.’

‘आता मला परत वर घे.’

‘घेतो. हप्ताभरात सारी गल्ली वर येईन. मंग?’

बंडोपंत विचारात पडले. मुलगा हुशार होता. दहावीत याच धड्यात त्याचे गुण त्यांनी कापले होते. गोष्ट खरीच होती. सर हलले की गल्ली हलणार. गुरुवारी दुपारपर्यंत निम्मी गल्ली जरी मागून वर आली, तर यामिनीचा केक वरच्या तारेवर बसणार, एवढाच फरक. आणि खांबावर चढून गुपचूप काही करता येत नाही.

तेव्हा त्यांनी सभा घेतली. शिक्षकाला दुसरे काय सुचणार. रविवारी संध्याकाळी दिवाणखान्यात सतरंजी घातली, यामिनीने खड्डा पडलेला एक केक कापून ठेवला, आणि बंडोपंतांनी टाकीपासून सुरुवात केली. जुने विद्यार्थी मन लावून ऐकत होते. ओहमपाशी एकदोघांचे डोळे मिटले, तेही सवयीने. धडा संपल्यावर सर्वांना तत्त्व पटले: तिन्ही तारांवर घरे वाटली गेली पाहिजेत. म्हणजेच कोणीतरी वर गेले पाहिजे. कोणी जावे, यावर सगळे केक खाऊ लागले.

‘सर, तुमीच सांगतलं होतं खालची तार चांगली म्हून,’ रूपराव कुबडे म्हणाले. कापसाचे व्यापारी, अंगाने भरदार, घरात दोन कूलर. ‘आता वर जा म्हन्ता. मंग शायेत शिकवलं, ते तरी बराबर हाये ना?’

सुलोचनाबाई सतरंजीच्या दुसऱ्या टोकाला, रूपरावांकडे पाठ करून बसल्या होत्या. ‘सर, त्यायले सांगा,’ त्या म्हणाल्या, ‘ज्यायच्या घरी दोन-दोन कूलर हायेत, त्यायनं आधी वर जावं.’

‘सर, त्यायले सांगा,’ रूपराव म्हणाले, ‘कूलर मोजाचे असन तर त्यायच्या पोरीनं आनलेलं वॉशिंग मशीन बी मोजा.’

दोघांमध्ये अडीच हातांचे अंतर होते, आणि सर निरोप पोचवत होते. हे असे का, ते सांगितले पाहिजे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे तान्हा पोळा असतो. लहान मुले लाकडी बैल सजवून आणतात आणि चांगल्या बैलाला बक्षीस मिळते. काही वर्षांपूर्वी रूपरावांच्या नातवाने बॅटरीवर शिंगे पेटणारा बैल आणला. सुलोचनाबाईंच्या नातवाचा बैल झूल-बाशिंगाचा, देखणा, तीन पिढ्यांचा. पहिले बक्षीस पेटणाऱ्या शिंगांना गेले. तेव्हापासून या एवढ्याशा गल्लीत दोन तान्हे पोळे भरतात, एक वरच्या टोकाला आणि एक खालच्या. कुबडे गट आणि वैरागडे गट एकमेकांच्या लग्नांना जातात, पण जेवत नाहीत. त्या दिवशी परीक्षक कोण होते, हे गल्लीत कोणी बंडोपंतांच्या तोंडावर बोलत नाही.

सभा संपली. सतरंजी गुंडाळता गुंडाळता बंडोपंत म्हणाले, की या लोकांना मी काय शिकवले कोण जाणे. यामिनी ताटे उचलत होती. शाळेला पाठवायचा मजकूर तिने फोनमध्ये लिहून ठेवला होता, फक्त पाठवायचा होता.

तेवढ्यात मीराबाई म्हणाल्या, ‘रूपरावांना तेवढे वर जाऊ द्या. मग सुलोचनाबाई जातात का वर, ते बघा.’

‘जन्मात जाणार नाहीत,’ बंडोपंत म्हणाले.

‘तेच म्हणते मी.’

बंडोपंत हातातली सतरंजी तशीच धरून उभे राहिले. त्यांनी मनातल्या मनात घरे मोजली असावीत. कुबडे गट आणि वैरागडे गट जवळजवळ सारखे होते. इतके सारखे, की वीज कार्यालयातल्या अभियंत्याने ठरवून वाटले असते तरी याहून नीट वाटता आले नसते.

दुसऱ्या दिवशी मीराबाई विरजण मागायच्या निमित्ताने रूपरावांकडे गेल्या. त्यांनी एक शब्दही खोटा सांगितला नाही. वरची तार मोकळी आहे, तिच्यावर जाणारा पहिला माणूस भरपूर व्होल्ट खाणार, आम्ही स्वतः मधल्या तारेवर जातो आहोत. आणि निघता निघता, विरजणाची वाटी झाकत, त्या म्हणाल्या, की सुलोचनाबाई मात्र खालीच राहणार आहेत म्हणे. रूपरावांनी चहा अर्धा ठेवला आणि रोशनला फोन लावला.

मंगळवारी सकाळी रोशनने रीतसर डीपी बंद करून काम सुरू केले. रूपराव वर गेले, म्हणून त्यांच्या शेजारचे गेले, म्हणून त्यांचे व्याही गेले. रोशनला पाच घरांचा चहा झाला. बंडोपंत आणि भाडेकरू मधल्या तारेवर. सर मधल्या तारेवर गेले, हे गल्लीने पाहिले, पण एरवीसारखे कोणी मागे आले नाही. कुबडे गट वैरागड्यांना सोडून वर गेल्याच्या आनंदात होता आणि वैरागडे गटाला, आपण जागचे हललो नाही, याचा अभिमान चढला होता. सरांकडे लक्ष द्यायला कोणाला सवड उरली नव्हती. आयुष्यात प्रथमच बंडोपंतांचे अनुकरण झाले नाही आणि प्रथमच ते त्यांच्या फायद्याचे ठरले.

त्या दुपारी सुलोचनाबाईंचा कूलर असा सुटला की भिंतीवरचे कॅलेंडर फडफडू लागले. त्या कुंपणापाशी येऊन यामिनीला म्हणाल्या, ‘तो मानूस तारेवरून गेला आन् बघ बाई, कशी हवा मोकळी झाली.’ यामिनीने हे घरात येऊन सांगितले. बंडोपंतांनी विचार करून मत दिले, की शास्त्रीयदृष्ट्या बाईंचे म्हणणे बरोबर आहे. रूपरावांच्या दोन कूलरांचे अँपिअर त्या तारेतून गेले, तेवढे व्होल्ट वाटेत खर्ची पडायचे वाचले.

गुरुवार उजाडला आणि तापला. जेवणे आटोपल्यावर यामिनीने रवा-दही फेटून भांडे ओव्हनमध्ये सरकवले. बंडोपंत व्होल्टमीटर घेऊन आधीच स्वयंपाकघरात येऊन बसले होते. ओव्हन लावल्याबरोबर आकडा थोडा खाली घसरला आणि दोनशे अठरावर टेकला.

‘दोनशे तीस नाहीत,’ यामिनी म्हणाली. तिचा चेहरा उतरला.

‘दोनशे तीस कोणाला मिळतात,’ बंडोपंत म्हणाले आणि पेपराची कड ओढून घेतली. ‘सतराशे सत्त्याण्णव वॅट. एक हजार सदुसष्टच्या जागी. आता तुझा केक आणि तू.’

मीराबाई दाराला टेकून उभ्या होत्या. काचेआड केक चढू लागला, भांड्याच्या कडेच्या वर आला, वरून तांबूस झाला. हे सगळे तो याआधीही करत असे. यामिनीने तो बाहेर काढून ओट्यावर ठेवला आणि कपाळावर हात धरून खिडकीकडे तोंड केले.

‘बघा तुम्हीच,’ ती म्हणाली.

बंडोपंत वाकून बघत राहिले. बराच वेळ झाला. केक थोडा कुरकुरला, कडेने भांड्यापासून सुटला, आणि जिथे होता तिथेच राहिला.

‘बसला का?’ मीराबाईंनी विचारले.

‘उभा आहे,’ बंडोपंत म्हणाले. त्यांचा आवाज जरा बसला होता.

यामिनी वळली. तिने केकवर बोट दाबून पाहिले, तो दबून पुन्हा वर आला, आणि ती बंडोपंतांच्या शेजारच्या स्टुलावर मटकन बसली. सासऱ्यासमोर अशी बसायची तिची पद्धत नव्हती. बंडोपंतांनी खुर्ची सरकवून तिला जागा करून दिली.

संध्याकाळी बापूरावांची गाडी कोथिंबिरीच्या जुड्या भरून गल्लीच्या तोंडाशी आली. ते स्वतःच आले होते. केक त्यांनी आधी खाल्ला नाही. मध्यभागी अंगठा ठेवून पाहिला. ‘हा दबला नाई,’ ते म्हणाले. मग खाल्ला. मग रोज किती जमतील, ते विचारले. यामिनीने आकडा सांगितला, तो तिने दुपारीच सतराशे सत्त्याण्णव वॅटवरून काढून ठेवला होता. गाडी गेल्यावर तिने फोनमधला शाळेचा मजकूर काढला, ‘हो’च्या जागी ‘नाही, आभारी आहे’ लिहिले आणि शुक्रवारची वाट न बघता पाठवून दिले.

जूनच्या पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी रूपराव सरांकडे आले. स्वयंपाकघरात ओव्हन चालू होता, घरभर वेलचीचा वास होता. रूपराव नेहमीपेक्षा जड पावलांनी आले आणि जपून बसले. वरच्या तारेचे कौतुक झाले, दोन्ही कूलरांचे झाले. मग ते म्हणाले, ‘सर, एक इचारू का? मी म्हनतो, हे वैरागडे बाईंशी आता मिटवून टाकावं. लय वर्षं झाले. पोरं मोठे झाले. यंदा तान्हा पोळा एकच भरवू. तुमी मधात पडले तर बाई ऐकतीन.’

ही गोष्ट घडावी म्हणून बंडोपंतांनी काही कमी खटपटी केल्या नव्हत्या. दोन दिवाळ्या त्यांनी दोन्ही घरी फराळाला जाऊन हा विषय काढला होता आणि दोन्ही घरी चिवडा खाऊन परत आले होते. आता भांडणाच्या एका बाजूचा माणूस आपल्या पायांनी घरी आला होता. त्यांनी तोंड उघडले. मग त्यांची नजर स्वयंपाकघराकडे गेली. यामिनी भांड्यांवर कागद लावत होती. जामची गाडी यायची होती. एकोपा झाला की येणेजाणे होणार, येणेजाणे झाले की कोणाची तार चांगली याच्या गोष्टी निघणार, आणि रोशनला चहा होणार.

‘रूपराव,’ ते म्हणाले, ‘विचार फार चांगला आहे. मी बाईंशी बोलतो.’

‘कवा बोलता?’

‘कूलर उतरले की,’ बंडोपंत म्हणाले. ‘उन्हाळ्यात माणसांची डोकी ठिकाणावर नसतात.’

रूपरावांना ते पटले. आतून मीराबाई गरम केकचे दोन तुकडे घेऊन आल्या. एक त्यांनी रूपरावांच्या हातात दिला आणि दुसरा पदराखाली झाकून मागच्या दाराने सुलोचनाबाईंकडे निघाल्या.